अओबाची ॲक्शन

‘क्रॉस गेम’ मी बघायला घेतली ती झोप येत नव्हती म्हणून. २०२०चा लॉकडाउन, विट्याच्या घरी परत आलेलो, दिवसभर वर्क फ्रॉम होम आणि रात्री डोळे टक्क उघडे. ॲनिमे बघणाऱ्या एका मित्राने सांगितलं होतं की ही बेसबॉलची आहे, पण मारामारी नाही, आरडाओरडा नाही, निवांत आहे. मला निवांतच काहीतरी हवं होतं. पहिला भाग खरंच निवांत होता. उन्हाळा, शाळकरी पोरं, एक खेळाच्या सामानाचं दुकान, एक कॅफे. आणि त्या भागाच्या शेवटी त्या पोरांमधली एक पोरगी मरते.

तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. मी दुसरा भाग लावला. एकूण भाग ५०. आठवड्याभरात संपवली. पुढे कथेतले बरेच तपशील येणार आहेत. ज्यांना आधी बघायची आहे त्यांनी इथे थांबून मग परत यावं. मालिका कुठे जाणार नाही.

मित्सुरू अदाची हे जपानी मांगातलं मोठं नाव. १९८०च्या दशकात त्यांच्या ‘टच’ने जपान वेडा केला होता. ‘क्रॉस गेम’ त्यांनी २००५ ते २०१० या काळात लिहिली-काढली आणि एप्रिल २००९पासून वर्षभर टीव्हीवर तिची ॲनिमे चालली. बेसबॉलच्या भाषेत तिकडे ‘क्रॉस गेम’ म्हणजे अटीतटीचा सामना, शेवटपर्यंत कोण जिंकेल ते सांगता येत नाही असा.

गोष्ट साधी आहे. को कितामुराच्या घरचं खेळाच्या सामानाचं दुकान. जवळच त्सुकिशिमा कुटुंबाचं बॅटिंग सेंटर आणि ‘क्लोव्हर’ नावाचा कॅफे. त्सुकिशिमांच्या चार मुली: इचियो, वाकाबा, अओबा, मोमिजी. चौघींच्या नावात पानाचं चित्राक्षर आहे, म्हणून चार पानांचा क्लोव्हर. को आणि वाकाबा एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात जन्मलेले, लहानपणापासून एकमेकांचे. वाकाबाने कोला यादीच देऊन ठेवलेली असते की माझ्या विसाव्या वाढदिवसापर्यंत दरवर्षी मला काय काय द्यायचं. विसाव्याला अंगठी. पाचवीच्या उन्हाळ्यात ती कॅम्पला जाते आणि बुडणाऱ्या एका लहान मुलीला वाचवताना स्वतः बुडते. पोहण्यात पटाईत असलेली मुलगी.

यादी मात्र उरते. को पुढे दरवर्षी यादीतली त्या वर्षीची वस्तू आणतो. यावर मालिकेत कुणी भाषण देत नाही. एखाद्या भागात ते दोन-चार सेकंद दिसतं आणि गोष्ट पुढे जाते. अदाचींची पद्धतच ती. बोलायची वेळ आली की ते आभाळ दाखवतात, रिकामी गल्ली दाखवतात, विजेच्या तारा दाखवतात. आपण काय ते समजून घ्यायचं.

मागे एक स्वप्नही उरतं. मरण्याआधी वाकाबाला स्वप्न पडलेलं असतं: गच्च भरलेलं कोशिएन स्टेडियम, पिचर को, कॅचर अकाइशी.

कोशिएन म्हणजे काय हे कळल्याशिवाय या स्वप्नाचं वजन कळत नाही. जपानमध्ये शाळांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा १९१५पासून चालते. ओसाका आणि कोबे यांच्यामध्ये निशिनोमिया नावाचं शहर आहे, तिथलं कोशिएन स्टेडियम १९२४ साली उघडलं आणि तेव्हापासून ही स्पर्धा तिथलीच झाली. देशभरातले साडेतीन हजारांच्या आसपास संघ जिल्हा-प्रांतांच्या फेऱ्यांत उतरतात आणि ऑगस्टमध्ये कोशिएनला पोचतात फक्त ४९. सगळे सामने बाद पद्धतीचे. एक हरलात की उन्हाळा संपला. हरलेली पोरं मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. हायस्कूल तीन वर्षांचं, म्हणजे एका मुलाला उन्हाळी कोशिएनच्या जास्तीत जास्त तीन संधी. आपल्याकडे बारावीच्या मार्कांना जो भाव आहे तो आणि आयपीएलला जो आहे तो, दोन्ही एकत्र केले तर थोडी कल्पना येईल.

बेसबॉलच्या ॲनिमेचा एक जुना साचा आहे, तो आपल्याकडेही येऊन गेलाय. १९६८ची ‘क्योजिन नो होशी’ ही बापाच्या कडक शिस्तीत रक्ताळेपर्यंत सराव करणाऱ्या मुलाची गोष्ट. तिचंच क्रिकेटमध्ये रूपांतर करून २०१२ साली ‘सूरज : द रायझिंग स्टार’ टीव्हीवर आली होती, मुंबईतल्या गरीब वस्तीतला मुलगा आणि त्याचं क्रिकेट. घाम, अश्रू, त्याग. अदाचींची पोरं असं काही करत नाहीत. ती सराव करतात, पण आपण वळून बघतो तोवर करून झालेला असतो. को तर वरवर आळशीच दिसतो. वाकाबा गेल्यानंतरची कितीतरी वर्षं तो कुणाला न सांगता धावत होता, फेकत होता, हे आपल्याला उशिरा कळतं.

आणि तो फेकायला कुणाकडे बघून शिकला, हे त्याच्याही नंतर कळतं.

अओबाकडे बघून. वाकाबाची धाकटी बहीण, कोपेक्षा एक वर्षाने लहान. तिला को आवडत नाही, कारण त्याने तिची ताई पळवली होती. ताई गेल्यावर तर अजिबातच नाही. दोघं भेटले की खटके उडतात. तुम्ही दोघं सारखेच आहात असं कुणी म्हटलं की दोघं सारखेच चिडतात. पण अओबा पिचर आहे, आणि नुसती चांगली नाही तर सगळ्यात चांगली. तिची ॲक्शन इतकी स्वच्छ आहे की चित्रातसुद्धा कळतं. पाय वर, क्षणभर थांबणं, मग हात सुटणं. कोची ॲक्शन हुबेहूब तिची.

फरक एवढाच की को माउंडवर उभा राहू शकतो आणि ती नाही. हायस्कूलच्या अधिकृत सामन्यांत मुलींना खेळता येत नाही असा नियम आहे. अओबा मुलांच्या संघासोबत सराव करते, त्यांच्याइतकंच पळते, त्यांच्याइतकीच मळते. अधिकृत सामन्याच्या दिवशी बाहेर बसते. तीन संधी तर सोडाच, तिला एकही नाही.

माझी झोप उडवली ती वाकाबाच्या मरणाने नाही. अओबाच्या त्या बसण्याने.

मला एक बहीण आहे. माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. आमच्या वडिलांचे विट्यात यंत्रमाग होते, चार. मी आठवीत असताना घरी एक सेकंडहँड कॉम्प्युटर आला आणि त्याच्यावर बसण्यावरून आमची रोज भांडणं. शेवटी आईने अर्ध्या-अर्ध्या तासाचे वार लावून दिले. अकरावीत मी सी लँग्वेज शिकायला लागलो, तर तीही माझ्या पुस्तकातून शिकायला लागली, मुद्दाम, माझ्याआधी पुढचा धडा वाचून ठेवायची. माझा प्रोग्राम चालला नाही की मी बदल करून बघायचो, परत चालवायचो, परत बदल. ती हसायची. म्हणायची, “दादा, तू नुसता खडे मारतोयस.”

तिची पद्धत वेगळी होती. तिच्या वाट्याचा अर्धा तास संपला की ती वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने उभे रकाने आखायची. एका व्हेरिएबलला एक रकाना. मग प्रोग्रामची एक-एक ओळ वाचत, कुठल्या ओळीनंतर कशाची किंमत काय झाली ते लिहीत खाली यायची. कॉम्प्युटर नसतानाच ती प्रोग्राम चालवायची. आणि जिथे चूक असेल तिथे गोल करून वही माझ्यापुढे सरकवायची, काही न बोलता. ते न बोलणं फार लागायचं.

मी तिची पद्धत उचलली. तिच्या समोर नाही, ती झोपल्यावर.

बारावीनंतर मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो. फी, होस्टेल, मेस यांसाठी वडिलांनी दोन माग विकले. पुढच्या वर्षी तिची बारावी झाली. सीईटीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. बरेच जास्त. त्या उन्हाळ्यात मी घरीच होतो. वडील दोन-तीन दिवस गप्प होते, मग एका रात्री जेवताना म्हणाले, “या वर्षी नाही जमणार. एकाचं होऊ दे आधी.” आई काही बोलली नाही. ती म्हणाली, “बरं.” मी ताटात बघत होतो.

तिने विट्यातच बी.एस्सी. केलं, गणित घेऊन. मग लग्न होऊन मिरजेला गेली. आज दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि त्या परिसरात तिचं नाव आहे. ती दुःखी आहे असं सांगायला मी हे लिहीत नाही. ती दुःखी नाही. तिला कुणी बिचारी म्हटलं तर ती त्याला पायरीवरून खाली उतरवेल.

पण नियमाबद्दल मी बराच विचार केला. अओबाच्या वाटेत जो नियम आहे तो लिहिलेला आहे. कुठल्यातरी संघटनेच्या कागदावर आहे, दाखवता येतो, त्याच्याशी भांडता येतं, उद्या तो बदलता येतो. आमच्या घरात कुणी काही लिहिलं नव्हतं. ‘मुलगी आहे म्हणून नाही’ असं कुणी म्हटलं नाही, आणि वडिलांच्या मनात तसं शब्दांत कधी आलंही नसेल. पैसे खरंच नव्हते. फक्त, मी धाकटा असतो आणि ती मोठी असती, तर उरलेले दोन माग विकले गेले असते की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा उत्तर शोधावं लागलं नाही. लगेच आलं. न लिहिलेल्या नियमाचं असं असतं. तो फक्त त्याच्या फायद्यात असलेल्या माणसाला स्पष्ट दिसतो, आणि त्याला बघायची गरज नसते.

नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी आमच्या टीममध्ये एक बग कुणाला सापडत नव्हता. दोन दिवस लोक लॉग टाकून टाकून थकले. मी मीटिंगरूममध्ये कागद घेऊन बसलो, रकाने आखले आणि संध्याकाळपर्यंत सापडवला. माझे सीनिअर खूश झाले. म्हणाले, ही सवय फार कमी पोरांना असते, कुठे शिकलास? मी म्हणालो, “अशीच लागली, सर.”

अशीच लागली. हे वाक्य मला ‘क्रॉस गेम’ बघताना चाळिसाव्या की कितव्या भागात आठवलं आणि मी लॅपटॉप बंद करून गच्चीवर गेलो.

आता मालिकेच्या शेवटाबद्दल. को आणि अओबा शेवटी एकमेकांचे होतात, हे सांगण्यात काही गुपित फुटत नाही, पोस्टर बघूनही कळतं. पण कसं, ते महत्त्वाचं. मधे अकाने नावाची मुलगी येते, दिसायला वाकाबासारखी. आझुमा नावाचा जबरदस्त बॅट्समन येतो, त्याला अओबा आवडायला लागते. दुसऱ्या एखाद्या मालिकेत यावरून वीस भाग रडारड झाली असती. इथे सगळे एकमेकांना जपतात आणि खेळत राहतात. निर्णायक सामन्याआधी को अओबाला सांगतो की आज मी खोटं बोलणार आहे, आणि मग तीन गोष्टी सांगतो: कोशिएनला जाणार, ताशी १६० किलोमीटरने टाकणार, आणि जगात सगळ्यात जास्त मला तू आवडतेस. खोटं म्हणून सांगितलेलं. ज्या मुलीशी आयुष्यभर भांडलो तिला खरं सांगायची त्याला तेवढीच एक वाट सापडते.

माझं यात भांडण आहे, आणि ते मला नीट मांडायचंय, कारण मालिका मला फार आवडते.

को जिंकतो. अओबा रडते. बघणाऱ्याला वाटतं, तिचंही स्वप्न पुरं झालं, तिचीच ॲक्शन कोशिएनला निघाली. मलाही तसंच वाटलं होतं, आणि फार बरं वाटलं होतं. मग लक्षात आलं की मला बरं वाटण्यातच घोळ आहे. कोच्या जागी मी बसलेलो. ‘तिची पद्धत मी पुढे नेतोय, म्हणजे एका अर्थी तीच पुढे गेली’ हे मी कितीतरी वर्षं स्वतःला न बोलता सांगत आलो होतो, आणि आता एक सुंदर जपानी मालिका मला तेच संगीत लावून सांगत होती. पण माउंडवर तर कोच उभा आहे. हात त्याचा. पेपरात नाव त्याचं येणार. अओबाला मिळालं ते प्रेम, आणि प्रेम चांगलंच आहे, पण ती प्रेम मागायला मैदानात उतरली नव्हती. तिला फेकायचं होतं.

अदाचींना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. कळत नसतं तर त्यांनी तिला इतकी चांगली पिचर केलीच नसती. सामना सुरू झाला की चित्रात ती पुन्हा पुन्हा दिसते, बाहेरून बघताना. ते चित्र सोडून देता आलं असतं. त्यांनी सोडलं नाही. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, एवढंच. आणि तरी कोने एक गोष्ट केली जी मी केली नव्हती. त्याने निदान खोटं म्हणून का होईना, तिला सांगितलं. मी माझ्या बहिणीला खोटं म्हणूनही काही सांगितलं नव्हतं.

जग थोडं हललंय. जपानमध्ये मुलींची राष्ट्रीय हायस्कूल बेसबॉल स्पर्धा १९९७पासून वेगळी होतेच, पण तिचा अंतिम सामना कोशिएन स्टेडियममध्ये पहिल्यांदा झाला तो २०२१ साली. इकडे महाराष्ट्रात २०२४ साली ठरावीक प्रवर्गांतल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. दोन्ही बातम्या मी वाचल्या तेव्हा आनंद झाला, आणि लगेच मनात वर्षं मोजली गेली. अओबासाठी उशीर. आमच्याकडेही उशीर.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मिरजेला गेलो तेव्हा तिला म्हटलं, एक मालिका बघ. ती म्हणाली, कार्टून? मी म्हटलं, बघ तर. तिची मुलगी दुपारी झोपली की ती एक-एक भाग बघायची. आठव्या दिवशी फोन आला.

“ती टीममध्ये का नाहीये?”

“नियम आहे. मुलींना अधिकृत मॅच खेळता येत नाही.”

“मूर्ख आहेत.” मग थोडं थांबून, “तो तिच्यासारखंच टाकतो ना?”

“हो. तिच्याकडूनच शिकलाय.”

“तिला माहितीये?”

मी म्हटलं, “तुला माहितीये का, मी अजून रकाने आखतो. ऑफिसमध्ये. पेन्सिलीने.”

ती काही बोलली नाही. मागे मिक्सरचा आवाज येत होता, तो बंद झाला. मी सांगत गेलो. तो बग, सीनिअर, ‘अशीच लागली, सर’. तिची सीईटी. जेवणाचं ताट. कुठल्या क्रमाने सांगितलं आठवत नाही, बहुतेक सगळंच उलटसुलट.

ती म्हणाली, “मला माहीत होतं. तू रात्री माझी वही घ्यायचास. पेन्सिल जागेवर ठेवायचा नाहीस.”

एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि माफ करण्यासारखं काय आहे त्यात, असंही म्हणाली नाही. दुसरं म्हणाली असती तर मला जास्त सोपं गेलं असतं. मग तिच्या शिकवणीची मुलं आली आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर महिन्याभराने आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलीने माझ्या टेबलावरचा कागद बघून विचारलं, हे काय? मी तिला रकाने कसे आखायचे ते दाखवलं, आणि हे माझ्या धाकट्या बहिणीकडून शिकलो असं सांगितलं. तिने विचारलं, त्या कुठल्या कंपनीत आहेत? मी म्हटलं, ती कंपनीत नाही. पुढचं सांगायला वेळ लागणार होता, आम्ही चहाला गेलो आणि मी सांगितलं.

बहिणीने मालिका पूर्ण केली. शेवट तिला आवडला. म्हणजे को आवडला. पण तिने विचारलं की मुलींनी कधीच खेळलं नाही का तिथे? मी तिला २०२१च्या सामन्याचं सांगितलं.

“कोण जिंकलं?”

मला माहीत नव्हतं. बातमी वाचून आनंद झाला होता, पण कोण जिंकलं हे बघायचं मला सुचलंच नव्हतं. शोधून सांगितलं: कोबे कोर्यो.

“पिचर कोण होती?” तिने विचारलं.

मी अजून शोधतोय.